जमिनीवर ठेवलेलं गाठोडं

१

जामीन मिळत नाही म्हणून रडणारी माणसं मला रोज भेटतात. जामीन मिळाला म्हणून भिंतीकडे तोंड फिरवून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव चुंडा मुर्मू.

मी हरिणटांडच्या कोर्टात मुन्शी आहे. वकिलाचा मुन्शी म्हणजे धड वकील नाही आणि धड शिपाई नाही. अशिलाला कुठे उभं राहायचं ते सांगायचं, वकिलाची छत्री धरायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. माझी वकील दुलार हांसदा. संथाळ बाई, वय चाळिशीच्या अलीकडचं, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नाही अशांचे खटले घ्यायची तिला खोड. तिच्यामुळे माझी चूल पेटत नाही, पण विझतही नाही.

चुंडाची गोष्ट साधी होती. जामजोडी गावाजवळच्या साहाच्या दगडखाणीत चार वर्षांपूर्वी सुरुंग वेळेआधी उडाला आणि खडी फोडणाऱ्या दोन बाया जागच्या जागी गेल्या. वात पेटवणारा चुंडा. पोलीस शोधतायत तोवर तो एका वकिलाबरोबर कोर्टात येऊन हजर झाला आणि आत गेला. तेव्हापासून कच्चा कैदी. खटला सुरू व्हायचा होता, म्हणजे सुरू होईल असं सगळे म्हणत होते. जामीन मागायला त्याच्याकडे जमिनीचा कागद नव्हता आणि कागदवाला जामीनदारही नव्हता. मग यंदा वरून हुकूम आला, की असे गरीब कच्चे कैदी नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. दुलारनं धावपळ करून चुंडाचा नंबर त्यात लावला. आम्ही मुचलका घेऊन तुरुंगात गेलो तेव्हा ती चक्क गुणगुणत होती.

"इथं अंगठा दे, चुंडा. आज रात्री घरी जेवशील."

"नको."

"काय नको?"

"अंगठा नको." त्यानं दोन्ही हात काखेत घातले. वयानं तिशीच्या आतबाहेर, खांदे रुंद, आवाज बसका. डोळे आमच्याकडे होते, पण बघत नव्हते. "दीदी, सोहराय झाला का?" सोहराय म्हणजे त्यांचा सुगीचा सण.

"अजून कुठे? भात शेतात उभंय. भात घरी आलं की मग सोहराय."

"मग नको," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

बंशी सिंग नावाचा वॉर्डर शेजारी उभा राहून हसत होता. "राहू द्या हो, वकीलबाई. आमचंही बरंच आहे. तुरुंगाच्या शेतात याच्यासारखा नांगर कुणी धरत नाही. तास असं सरळ काढतो, की साहेब पाहुण्यांना दाखवायला नेतात."

परत येऊन आम्ही आमच्या टेबलापाशी बसलो. टेबल म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला लावलेली फळी. तेवढ्यात दुलारचे थोरले दीर आले. ते टपाल कचेरीत आहेत, आणि घराची किल्ली द्यायला अधूनमधून येतात. नेहमीप्रमाणे त्यांनी किल्ली फळीच्या टोकाला ठेवली, तिच्याकडे न बघता मला रामराम केला आणि गेले. ते वळल्यावर तिनं किल्ली उचलली. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या वकिलीणबाई, कोर्टात हाकिमाशी भांडता, आणि दिराच्या हातून किल्ली घेता येत नाही?"

"हाकीम माझा थोरला दीर नाही, उमादा," ती म्हणाली. यांच्यात हे असंच. मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

मग सरकारी वकील ओझा पान चघळत आले. "तुमच्या चुंडानं बरं केलं म्हणायचं. येत्या तारखेला गुन्हा कबूल करतोय म्हणे. दोन जीव गेलेत, दहा वर्षं कुठं गेली नाहीत. पण कामाचा निकाल लागतो, काय?"

दुलारच्या हातातली किल्ली तशीच राहिली. ज्या माणसाला आज घरी जाता येत होतं, तो दहा वर्षं मागून घ्यायला निघाला होता. आणि त्याच्या वकिलालाच हे माहीत नव्हतं.

"ओझाबाबू," ती म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ओझा हसले आणि पिंक टाकायला गेले.

२

भेटीच्या वारी आम्ही तुरुंगाच्या फाटकाशी लवकर जाऊन बसलो. चुंडाला कोण भेटायला येतं ते बघायचं होतं.

"थोरली बहीण येते, मायनो," बंशी सिंगनं सांगितलं. "दुसरं कुत्रं येत नाही."

मायनो मुर्मू दुपारी आली. उंच बाई, हिरवं लुगडं, कडेवर गाठोडं. भेटीच्या खोलीला तेव्हा जाळी नव्हती, नुसतं एक लाकडी बाक मधे टाकलेलं. चुंडाला आणलं तसा तो दाराच्या कोपऱ्यात गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. बाईनं पदर पुढे ओढला. गाठोडं बाकावरही नाही, खाली जमिनीवर ठेवलं, आणि मागे सरकून पार दुसऱ्या भिंतीला टेकली. मग तो आला, गाठोडं उचललं, पुन्हा कोपऱ्यात.

"चिवडा आहे. आणि महुआची फुलं," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, हाकीम जे विचारील त्याला हो म्हणायचं."

"हूं," तो जमिनीला म्हणाला.

भेट संपली. बाकावर कुणी बसलंच नाही.

मी दुलारच्या कानाशी लागलो. "बहीणभावाचं जबर वाकडं दिसतंय. वाटणीचं भांडण असणार."

 दुलार गाठोडं ठेवलेल्या जागेकडे बघत होती, जिथं आता काहीच नव्हतं.

फाटकाबाहेर तिनं मायनोला गाठलं. संथाळीत बोलायला लागली तशी बाई जरा सैल झाली. "हो म्हणायला कुणी शिकवलं, ताई?"

"साहाबाबूंच्या वकिलानं. म्हणाला, नाही म्हटलं की खटला म्हातारपणापर्यंत चालतो. हो म्हटलं की लवकर संपतं."

"किती लवकर?"

"ते मोठ्यांचं काम. मी निरोप आणते आणि चिवडा आणते." तिनं पदर झटकला. "दीदी, एक विचारू? तो जामिनावर बाहेर येणार नाही ना?"

मी थक्क झालो. भाऊ सुटू नये म्हणून देवाला हात जोडणारी बहीण मी पहिल्यांदा बघत होतो.

३

साहाच्या खाणीवर जायचं म्हणजे अंगावर पांढरी धूळ घेऊन यायचं. कपडे धुतले तरी जात नाही. खडी फोडणाऱ्या बायांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या. बिमल साहा पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली बसला होता आणि त्यानं आम्हाला चहा सांगितला. चहा देणाऱ्याचा मला नेहमीच जास्त संशय येतो.

"चुंडा?" साहा म्हणाला. "अहो, घरचं पोर ते. त्याचा बाप लोखन गावचा मोठा शेतकरी, दोन जोड्या बैल. पण पोराला मातीत पाय घालायचा नव्हता. नांगराला म्हणून हात लावला नाही कधी. काळा चष्मा, मोटारसायकल, आणि तोंड असं चालायचं की खाणीतलं मशीन बंद ठेवावं. गाणीही म्हणायचा. मी म्हटलं, ये बाबा, वात लावायचं शीक."

"शिकवलं कुणी?" दुलारनं विचारलं.

"बघून बघून शिकतात."

"सुरुंगाची दारू तुमची, खाण तुमची. वात लावायला मात्र बघून बघून शिकलेलं पोर."

साहानं कप खाली ठेवला. "त्या दोघींच्या घरच्यांना मी वाऱ्यावर सोडलं नाही. आणि दीदी, पोर स्वतः कबूल करतंय. करतंय ना?"

तो हे फारच पटकन विचारून गेला. उत्तर येईपर्यंत त्याचा श्वास अडकलेला मला दिसला.

"तारखेला कळेल," दुलार म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सापडला चोर. चुंडानं तोंड उघडलं तर दारू कुठून आली, परवाना कुणाचा, सगळं निघेल. म्हणून यानंच त्याला आत धरून ठेवलंय. धमकी असणार."

"धमकी दिलेला माणूस घाबरलेला असतो, उमादा. चुंडा घाबरलेला वाटला तुम्हाला?"

मी आठवून बघितलं. भीती नव्हती, राग नव्हता. बैल घाण्याला जुंपला की जसा बघतो, तसा तो बघत होता.

"शिवाय," ती म्हणाली, "नांगराला कधी हात न लावलेल्या पोराचं तास सरळ कसं येतं?"

४

जामजोडीत लोखन मुर्मूचं घर लांबून ओळखू येतं. भिंती नुकत्याच सारवून रंगवलेल्या, अंगणात खाटा. आम्ही बसलो तशी एक तरुण बाई पाण्याचा लोटा घेऊन आली, पायांशी ठेवला, वाकली आणि गेली. कडेला तीनचार वर्षांची मुलगी चिकटलेली.

"धाकटी पोर, पानमुनी," लोखन म्हणाला. "तिचं नशीब फुटकं. घरजावई केला होता. सोमाय किस्कू नाव. गरीब घरचं पोर, मुलीच्या बापाला द्यायला गाय नाही की बैल नाही. म्हटलं, ये, राब माझ्या घरी. तर वर्षही पुरं केलं नाही. लडाखला रस्त्याच्या कामावर पळाला."

"कधी?"

"झाली काही वर्षं. चुंडा आत गेला त्याच सुमाराला. एकदम दोन्ही हात तुटले माझे." म्हातारा हे म्हणाला खरा, पण हातांकडे बघितलं नाही, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"चुंडाला जामीन मिळालाय. आणायला चला की."

"तो बाहेर आला तर मेलेल्या बायांचे लोक त्याला जिता ठेवतील? आत आहे तेच बरं."

कारण चांगलं होतं. मी पाणी प्यायलो आणि मनातल्या मनात खटला बंद केला. पोराचा जीव वाचावा म्हणून बाप त्याला तुरुंगात ठेवतो, एवढंच. घरी जावं, जेवावं.

दुलार मात्र परसात गेली. पानमुनी तिथं बैलांना चारा टाकत होती. मी कोपऱ्यावर उभा राहून ऐकलं.

"भावाला भेटायला तू नाही जात?"

"मला नेत नाहीत. ताईच जाते." पानमुनीनं पेंढी सोडली. "दादा बोलतो का हो? त्याला गप्प बसता यायचं नाही. जेवताना पण गाणं."

"आणि तुझा नवरा?"

"तो मुका. म्हणजे बोलायचा, पण बैलांशी." ती जरा हसली आणि लगेच थांबली. "गेला तो. पोर पोटात होतं माझ्या. निरोप नाही, काही नाही. बाबा म्हणतात, यंदाच्या सोहरायनंतर दुसरं लग्न लावून देऊ."

"तुला करायचंय?"

"मला काहीच वाटत नाही, दीदी. तो चाकरी टाकून गेला ना? टाकून गेला की मग संपतं आमच्यात."

मुलगी बैलाच्या शिंगाला हात लावायला बघत होती. पानमुनीनं तिला ओढून घेतलं.

परतीच्या वाटेवर दुलार ओढ्यापर्यंत माझ्या पुढे चालत होती. तिथं थांबून तिनं चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उभी राहिली.

"उमादा," ती म्हणाली, "तुरुंगात चुंडा मुर्मू नाहीच आहे."

५

पलीकडच्या काठावर चहाचं दुकान होतं. मी आधी चहा सांगितला. असलं काही ऐकायचं तर बसून ऐकावं.

"माझे थोरले दीर किल्ली कुठे ठेवतात?" तिनं विचारलं.

"फळीवर."

"का?"

"तुमच्यात थोरल्या दिराच्या आणि भावजयीच्या हाताला हात लागत नाही. एका खाटेवर बसत नाहीत, समोरासमोर बघत नाहीत. मला ठाऊक आहे हो."

"तसंच नातं आमच्यात आणखी एक आहे. बायकोची थोरली बहीण आणि धाकटीचा नवरा. त्यांचंही असंच. आता ते गाठोडं आठवा. सख्खी बहीण भावाला चार वर्षांनी काय, चार दिवसांनी भेटली तरी बाकावर शेजारी बसेल, गालावरून हात फिरवेल. ही बाकाला शिवली नाही. भांडण असतं तर चिवडा आणला नसता."

"म्हणजे आतला माणूस मायनोच्या धाकट्या बहिणीचा नवरा?"

"आणि धाकटी एकच आहे. पानमुनी. एकाच सुमाराला घरातून दोन पुरुष गेले. एक तुरुंगात, एक लडाखला. गाव म्हणतं मुलगा तुरुंगात आणि जावई लडाखला. उलटं करून बघा. गाणाऱ्या, नांगराला न शिवणाऱ्या पोराऐवजी आत बसलाय बैलांशी बोलणारा मुका. तास सरळ येणारच."

"पण पोलीस? हाकीम? कुणी बघितलं नाही?"

"तो हजर झाला, पकडला गेला नाही. वकिलानं उभं केलं, हाकिमानं नाव विचारलं, त्यानं शिकवलेलं नाव सांगितलं. फाटक्या माणसाचं तोंड कोण निरखून बघतो? तो म्हणेल तो तो. तुम्ही-मी चार महिने त्याचा खटला चालवतोय. आपण तरी बघितलं?"

मी मान हलवली. आपण बघितलं नव्हतं.

"मग जामीन का नको? बदली बसलेल्याला तर कधी एकदा सुटतो असं होईल."

"तेच मला कळत नव्हतं. तो सोहराय का विचारतो? सण बघायला घरी तर यायचं नाही त्याला." तिनं पेला खाली ठेवला. "घरजावयानं पाच वर्षं सासऱ्याची चाकरी करायची. लग्न सोहरायला झालं, तर पाचव्या सोहरायला संपते. मग बायको त्याची, पोर त्याचं, बैलांची जोडी त्याची. अर्ध्यात सोडून गेला तर काही नाही. उमादा, लोखननं त्याला सांगितलंय, की तुरुंग ही चाकरीच आहे. तो तिथं वर्षं भरतोय. आपण त्याला चाकरी मोडायला सांगत होतो."

मला राग यायला हवा होता. मी पेल्यातल्या गाळाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुरुंगात गेलो. बंशी सिंगला मी गप्पांत गुंतवलं आणि दुलार बाकावर जाऊन बसली. पण मला ऐकू येत होतं.

"सोमाय," तिनं हाक मारली.

तो हलला नाही. एवढंच झालं, की काखेतले हात खाली आले.

"कबूल केलंस तर पाचव्या सोहरायला कुणी सोडणार नाही. दहा वर्षं."

"सासऱ्यानं शब्द दिलाय."

"सासऱ्याच्या शब्दानं तुरुंगाचं दार उघडत नाही."

"ते मोठी माणसं बघतील. एकच सोहराय राहिला, दीदी. आता मोडून काय?"

दगडावर पाणी. दुलारनं कपाळाला हात लावला. मग अगदी सहज विचारलं, "पानमुनीला माहीत आहे का तू इथं आहेस ते?"

"आहे की. तिच्यासाठीच तर."

"तिला वाटतं तू पळून गेलास. लडाखला. सोहरायनंतर तिचं दुसरं लग्न आहे."

बंशी सिंग त्याच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत होता. मी हो हो म्हणत होतो.

"मग मी कुणाची चाकरी करतोय?" सोमायनं विचारलं.

एवढं विचारून तो दाराकडे वळला आणि आत गेला. तारखेला तो काय म्हणेल, हे आम्हाला तुरुंगातून निघतानाही माहीत नव्हतं.

६

तारखेला कोर्टात नेहमीसारखीच गर्दी होती. लोखन आणि मायनो मागच्या बाकावर. साहा आला नव्हता, त्याचा वकील आला होता. ओझांनी पान थुंकून तोंड धुतलं होतं. हाकीम तरुण, नवीन बदलून आलेले.

पानमुनीला आणायला मी पहाटे जामजोडीला गेलो होतो. बाप आणि बहीण आधीच्या मोटारीनं निघून गेल्यावर तिला म्हटलं, भावाला बघायचं असेल तर चल. खोटंच ते. मुलगी कडेवर घेऊन ती दाराबाहेर ओसरीत उभी होती.

"चुंडा मुर्मू," शिपायानं पुकारलं. बेडीतला माणूस पुढे आला.

हाकिमांनी आरोप वाचून दाखवला. साहाच्या वकिलानं मागे वळून लोखनला मान हलवली. "गुन्हा कबूल आहे?"

सोमायनं तोंड उघडलं. दुलार उभी राहिली. "हुजूर, गुन्हा विचारण्याआधी या माणसाला त्याचं नाव विचारावं. चार वर्षांत ते कुणी नीट विचारलेलं नाही. मीही नाही."

"नाव दप्तरात आहे, मॅडम," ओझा म्हणाले.

"दप्तरात आहे, म्हणूनच म्हणते."

हाकिमांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या खोलीत त्याच्याकडे असं बघणारा तो पहिलाच माणूस. "नाव काय तुझं?"

सोमायनं लोखनकडे पाहिलं. लोखननं दोन्ही हात जोडले होते, त्याला की हाकिमाला, देव जाणे. ओझा घड्याळ बघायला लागले. दुलारनं मला खूण केली आणि मी दार उघडलं.

पानमुनी आत आली. भाऊ शोधत तिची नजर फिरली आणि बेडीवर थांबली. तिनं मुलीला घट्ट धरलं.

"हा दादा नाही," ती म्हणाली. आवाज एवढा सपाट होता, की शिपायानं गप्प करायचंही सुचलं नाही. "हा माझ्या घरातला माणूस आहे. याला बेडी का घातलीय?"

तिनं बापाकडे पाहिलं, मग मायनोकडे. मायनोनं पदर तोंडावर ओढला होता. मग पानमुनीनं बेडीतल्या माणसाला विचारलं, "तू लडाखला नव्हतास?"

"नाही."

"इथंच होतास?"

"इथंच."

"नाव सांग रे त्यांना," ती म्हणाली. "तुझं."

सोमायला वेळ लागला. बराच वेळ वापरलं नाही की विहिरीचा दोर जसा अडतो, तसं ते नाव अडलं. "सोमाय किस्कू," तो म्हणाला. आणि मुलीकडे बघत राहिला, जिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

७

रहस्य उलगडलं की गोष्ट संपते, असं लोकांना वाटतं. आमच्या कोर्टात तिथून पुढची तारीख पडते.

थंडी पडली की लडाखचे मजूर परत येतात. खरा चुंडा त्यांच्याबरोबर आला आणि स्टेशनावरच सापडला. साहाचं नाव कुठल्याच जबाबात आलं नाही. त्याच्या वकिलानं मला रस्त्यात हसून नमस्कार केला. चुंडाच्या नव्या वकिलानं अर्ज दिला, की चुंडा मुर्मू या नावानं तुरुंगात काढलेली वर्षं चुंडाला पुढे होईल त्या शिक्षेतून वजा करावीत. अर्ज फेटाळला गेला. मग दुलारनं विचारलं, की ती वर्षं सोमाय किस्कूची धरून त्याला काही भरपाई मिळेल का. उत्तर आलं, की सोमाय किस्कू नावाचा कैदी या तुरुंगात कधी नव्हताच. उलट खोट्या नावानं हजर झाल्याबद्दल त्याच्यावर नवा गुन्हा लागला. त्यात त्याला जातमुचलक्यावर सोडलं. तेव्हा मात्र त्यानं अंगठा दिला.

दुलार त्या दिवशी घरी गेली नाही. फळीपाशी बसून राहिली. "कायद्यात ती वर्षं कुठंच बसत नाहीत, उमादा," ती म्हणाली. "कुठंच."

ती वर्षं बसली जामजोडीत. गावच्या माझीनं, म्हणजे त्यांच्या पाटलानं, पंचांची बैठक बोलावली. लोखन ताठ उभा राहिला. "माझ्या घरी राबला नाही. माझा भात खाल्ला नाही. सरकारचा भात खाल्ला, तर सरकारची चाकरी झाली."

"तुझा भातही वाचला म्हणायचा," माझी म्हणाला. "तुझा मुलगा पण वाचला. मुलगा वाचवायला किती नांगर लागतात रे, लोखन?"

लोक हसले. लोखन हसला नाही. पंचांनी ठरवलं, की वर्षं धरायची. फक्त पाचवा सोहराय व्हायचा आहे तो होऊ दे, मग जोडी घेऊन जा. सोमायनं मान डोलावली. त्याला ते रास्त वाटलं.

सोहरायच्या आधी आम्ही पुन्हा गेलो, त्याला तारीख सांगायला. लोखनच्या खळ्यावर मळणी चालली होती. सोमाय बैल फिरवत होता, तिवड्याभोवती गोल, गोल. आम्ही आलो ते त्याला कळलं, पण तो थांबला नाही. मला तो तुरुंगातच दिसला. कुठंही नेला असता तरी तो तिथंच दिसला असता.

पानमुनी सुपानं भात उडवत होती. तिनं सूप ठेवलं. सरळ चालत खळ्यात गेली आणि तिवड्याचा दोर सोडला.

"अजून राहिलंय," सोमाय म्हणाला.

"माझं मोजून झालंय," ती म्हणाली. तिनं जोडी हाकलली, अंगणातून, लोखनच्या समोरून, रस्त्यावर. मुलगी पाठोपाठ धावली. सोमाय जरा वेळ रिकाम्या तिवड्यापाशी उभा राहिला. मग तोही गेला. लोखननं अडवलं नाही. दुलार रडत होती हे मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मागच्या आठवड्यात दोघांचे खटले एकाच दिवशी होते. चुंडा बेडीत, पोलिसांमध्ये बसलेला. गाणं वगैरे गेलेलं. सोमाय आणि पानमुनी आमच्या बाकावर. दुलार कोट घालून तयार होती आणि मी छत्री धरून.

शिपाई दारात आला. "चुंडा मुर्मू!"

दोन माणसं उठली.

पानमुनीनं सोमायचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. "बस," ती म्हणाली. "तुझं नाही ते."